सर, पोरगी आळशी झालेली नाही

शिरपूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडा संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कबड्डीत चढाईपटू. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आली. यंदा दिवाळीआधी निवड चाचणीत गुडघा फिरला, एसीएल म्हणजे गुडघा धरून ठेवणारा आतला दोर तुटला, ऑपरेशन झालं. आता चार महिने होत आले. टाके सुकले, चालता येतं, पण ती फिजिओने दिलेले व्यायाम करत नाही, ग्राउंडकडे फिरकत नाही, फोन उचलत नाही, एका पेपरला तर बसलीच नाही. घरचे म्हणतात, नाटकं करते. "रागवावं की समजवावं? डॉक्टरकडे न्यायचं तर गोळ्यांमुळे डोपिंगमध्ये सापडेल का? पुढच्या हंगामात ती खेळेल का?"

सर, रागवू नका. आणि समजवतानाही जपून. "तू वाघीण आहेस, ऊठ" हे आपल्याला प्रोत्साहन वाटतं, पण अशा अवस्थेतल्या पोरीला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपण आता वाघीण राहिलो नाही. कागदावरच्या वर्णनावरून निदान करणं बरोबर नाही, त्यासाठी ती समोर बसायला हवी. पण तुम्ही लिहिलंय ते आळसाचं चित्र नाही. आळशी माणूस नावडतं काम टाळतो. ही पोरगी तिला सगळ्यात आवडणारी गोष्ट टाळते आहे.

इतकी वर्षं खान्देशात मानसोपचाराची प्रॅक्टिस केली, पण कॉलेजातला खेळाडू "मला नैराश्य आलंय" असं म्हणत आल्याचं क्वचितच आठवतं. तो येतो अंगदुखी घेऊन, पित्त घेऊन, उडालेली झोप घेऊन. "डॉक्टर, आंग जड वाटस, कशात जीव लागत नही," एवढंच सांगतो. त्याआधी हाडांचे डॉक्टर, एमडी, ताकदीची सलाईन, बी-१२ ची इंजेक्शनं असा फेरा झालेला असतो. मुलांच्या बाबतीत रडण्यापेक्षा राग जास्त दिसतो. पंचांशी हुज्जत, ज्युनियरच्या अंगावर धावून जाणं, मग रात्री दारू. खेळाडूला दुखणं दाबायलाच शिकवलेलं असतं. पाय मुरगळला तरी पट्टी बांधून सामना पुरा करायचा, हे आपणच शाबासकी देऊन शिकवतो. मनाचं दुखणंही तो तसंच दाबतो आणि ते शरीरातून बाहेर येतं. म्हणून हे आईबापांच्या किंवा वर्गशिक्षकांच्या आधी ग्राउंडवरच्या माणसाला दिसतं. कोण चढाईला जायला कचरतोय, कोणाचं वजन उतरलंय, कोण सरावानंतर बसमध्ये एकटा खिडकीशी बसतो, हे तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही.

आमची निदानाची पद्धत तुम्हालाही माहीत असलेली बरी. उदास मन आणि कशातच रस न वाटणं ही दोन मुख्य लक्षणं. त्यांच्याबरोबर झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत किंवा आपणच दोषी आहोत असं वाटत राहणं, आणि मरणाचे विचार. या नऊपैकी किमान पाच, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी, किमान दोन आठवडे, जवळपास रोज, आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असेल तर आम्ही त्याला नैराश्याचा आजार म्हणतो. सामना हरल्यावर आठवडाभर तोंड पाडून बसणं हा आजार नाही, ते व्हायलाच हवं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते, पाच मिनिटांत भरून होते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. हंगामाच्या सुरुवातीला फिटनेस टेस्ट घेता, तेव्हाच सगळ्या संघाकडून ती भरून घेतलीत तर कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. मात्र भरलेले कागद कपाटात कुलपात ठेवा. आणि कोणी शेवटच्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला "हो" म्हटलं असेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी त्याच्याशी बोला.

हे किती मुलांना होतं, असं कॉलेजवाले नेहमी विचारतात. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ४६५ खेळाडूंपैकी २३.७ टक्क्यांमध्ये लक्ष द्यावं इतपत नैराश्याची लक्षणं होती, मुलींमध्ये धोका मुलांच्या सुमारे १.८ पट होता, आणि खेळांमध्ये अ‍ॅथलेटिक्सवाले सर्वांत पुढे होते. तो आकडा तिथला, शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलांचा. जसाच्या तसा शिरपूर-शहाद्याला लावू नका. पण खेळणाऱ्या मुलांची मनं व्यायामामुळे आपोआप पोलादी होतात, हा जो आपल्याकडे समज आहे, तो त्यातून नक्की पुसला जातो. आणि उपचारांचं म्हणाल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

आता गुडघा. एसीएलची दुखापत इतर दुखापतींसारखी नाही. हात मोडला तर दीड-दोन महिन्यांत पोरगी परत संघात. इथे निम्मं वर्ष ते वर्ष जातं, आणि कॉलेजचं खेळणं असतंच मुळी तीन-चार वर्षांचं. तिच्या हिशेबात एक तृतीयांश करिअर गेलं. शिवाय आपल्या भागात खेळ हा नुसता खेळ नसतो. शेतात कपाशी, घरात दोन भावंडं, आणि या मुलीला बाहेर राहून सराव करायची परवानगी मिळाली ती "खेळातून नोकरी लागेल" या एका वाक्यावर. सरकारी नोकरीत खेळाडूंना असलेलं ५ टक्के आरक्षण, पोलीस भरती, रेल्वे, हे सगळं त्या गुडघ्यावर उभं असतं. गुडघा फिरला त्या दिवशी घरात लग्नाचा विषय निघाला असेल तर मला नवल वाटणार नाही. विचारून बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा मुलींच्या बाबतीत तो बहुतेक वेळा निघालेला असतो.

विद्यापीठ संघात निवड झाली की गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. मध्ये पोरीचा जर्सीतला फोटो, वर देवाचा, खाली पंधरा-वीस शुभेच्छुकांचे. उन्हाने रंग उडाला, एक कोपरा सुटून फडफडायला लागला तरी महिनोन्‌महिने कोणी काढत नाही. फिजिओकडे जायला निघालेली पोरगी त्याच फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असते आणि येणारा-जाणारा विचारतो, "काय वं माय, कव्हय खेळशी आते?" माझ्याकडच्या एका मुलीने फिजिओथेरपी सोडली होती ती दुखतं म्हणून नव्हे, तर त्या थांब्यावर उभं राहवत नव्हतं म्हणून. पुढच्या थांब्यावरून बस धरायची, एवढ्या तोडग्यावर तिची फिजिओ पुन्हा सुरू झाली. उपचारातल्या बऱ्याच गोष्टी अशाच किरकोळ दिसणाऱ्या असतात.

जिंकूनही हे होतं, हेही लक्षात असू द्या. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं, आणि त्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल तो स्वतः उघडपणे बोलला आहे. तुमचा एखादा पोरगा खेलो इंडियातून पदक आणतो आणि महिनाभरात ग्राउंड सोडतो तेव्हा "डोक्यात हवा गेली" म्हणण्याआधी जरा थांबा.

मानसोपचाराकडे वळण्याआधी, किंवा बरोबरीनेच, शरीराच्या काही तपासण्या मी करूनच घेतो, कारण नैराश्याचं सोंग घेणारे आजार आपल्याकडे भरपूर आहेत. पहिला रक्तक्षय. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही करा. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि पोरगी दमते. थायरॉइडसाठी टीएसएच. शाकाहारी घर असेल तर बी-१२. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातली मुलं असतील तर सिकलसेलची तपासणी आधी झाली आहे का ते विचारा. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत तो आजार आहे, आणि त्याचा नुसता वाहक असलेल्या खेळाडूलाही कडक उन्हात जीव तोडून पळवणं धोक्याचं असतं. मुलींना पाळीबद्दल विचारायला हवं. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मॅडमना विचारू द्या. सरावात खर्च होणाऱ्या शक्तीच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमजोर होतात, मूडही बिघडतो. याला रेड-एस म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती २०१४ पासून त्याबद्दल सावध करते आहे. होस्टेलच्या मेसमधली वरणपाण्यासारखी भाजी आणि दोन पोळ्यांवर दोन वेळचा सराव केला तर तो कोणालाही होईल. कबड्डी आणि कुस्तीत आणखी एक गोष्ट राहून जाते. डोक्याला मार. मॅटवर डोकं आपटलं, क्षणभर अंधारी आली, उठून पुन्हा खेळला. नंतर काही आठवडे चिडचिड, डोकेदुखी, झोपेचं खोबरं. तिच्या बाबतीत त्या निवड चाचणीत फक्त गुडघाच लागला होता का, हे विचारून घ्या.

अतिसरावाचा थकवा हा तुमच्या मुलीचा विषय नाही, भरतीच्या पोरांचा आहे. पहाटे चारला उठून १६०० मीटर, संध्याकाळी गोळाफेक आणि १०० मीटर, मध्ये लायब्ररी, असं वर्षभर सुट्टीशिवाय. सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा सतत जलद लागते, वेळ सुधारायच्या ऐवजी घसरते. तीन-चार आठवडे सराव उतरवला की यातले बरेचसे सावरतात. विश्रांती देऊनही मित्र नकोसे, जेवण नकोसं, अगदी मोबाइलही नकोसा अशी अवस्था राहिली तर ती नुसत्या थकव्याची नाही.

तिच्याशी बोलायचं कसं? एकटीला गाठा, पण दार बंद करून नको. केबिनपेक्षा ग्राउंडच्या कडेचा पार बरा. "काय झालंय तुला?" असं विचारण्यापेक्षा जे दिसलं ते सांगा. "चार आठवडे झाले, तू फिजिओला गेली नाहीस, पेपरलाही नव्हतीस. झोप येते का रात्री?" झोपेवरून सुरुवात केली की पोरं बोलतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. मग गप्प बसा. तुम्ही पीटीवाले लोक शांतता सहन करू शकत नाही, लगेच शिट्टी वाजवल्यासारखं काहीतरी बोलता. थांबा जरा. आणि एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचाराच. "जगू नये, मरून जावं असे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून ओझं उतरतं. उत्तर "हो" आलं तर तिला एकटं सोडू नका, वचनं-शपथा घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. आपली घरं शेतीची. फवारणीची औषधं पडवीत, खाटेखाली ठेवलेली असतात. ती घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवायला वडिलांना सांगा, आणि हे टाळायचं नाही. रात्रीबेरात्री कोणीच सापडलं नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो.

उपचारात गोळी आलीच पाहिजे असं नाही. सौम्य नैराश्यात नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी काम होतं. खेळाडूंच्या बाबतीत मी विचारांच्या आधी दिवसाला हात घालतो. उठायची वेळ, अंघोळ, फिजिओचे दोनच व्यायाम, एका मैत्रिणीला एक फोन. मन लागलं की करू, असं नाही. करायचं, मन मागून येतं. व्यायाम हा नैराश्यावरचा उपाय आहे हे खरं, पण तो जिम न बघितलेल्या माणसाला सांगणं वेगळं आणि हिला सांगणं वेगळं. हिच्यासाठी प्रत्येक हालचाल म्हणजे परीक्षा असते. परवापर्यंत काय येत होतं आणि आज काय येत नाही, याची मोजदाद ती मनात करत राहते. म्हणून सुरुवातीला स्टॉपवॉच नको, वहीत नोंद नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ तर मुळीच नको.

मध्यम किंवा तीव्र नैराश्य असेल तर गोळ्या लागतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही नेहमीची औषधं वाडाच्या, म्हणजे डोपिंगवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत नाहीत. ब्युप्रोपियॉन नावाच्या औषधावर वाडा नुसती नजर ठेवून आहे, त्यावरही बंदी नाही. म्हणजे नैराश्याच्या या औषधांनी ती डोपिंगमध्ये सापडणार नाही. तरीही चिठ्ठी जपून ठेवावी आणि औषधाचं मूळ नाव नाडा या आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेच्या यंत्रणेत तपासून घ्यावं. भीती बाळगायचीच असेल तर ती वेगळ्या गोष्टींची बाळगा. वजन उतरवायला घेतलेल्या लघवीच्या गोळ्या, जिममधल्या डब्यातली बिनलेबलची पावडर, आणि ट्रॅमाडॉल. हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं आहे, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते सर्रास दिलं जातं. शिवाय नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल घेणं एरवीही धोक्याचं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. म्हणून गुडघ्यासाठी काय चालू आहे ते मला कळलं पाहिजे आणि मी काय देतो ते हाडांच्या डॉक्टरांना.

गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता होते आणि नेमक्या त्याच वेळी घरचे गोळी बंद करतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात, त्यामुळे मी दर आठवड्याला बोलावतो. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवायची. सवय लागते म्हणतात तसं या गोळ्यांच्या बाबतीत होत नाही, पण बंद करायच्या त्या हळूहळू, डॉक्टरांना विचारून. पूर्वी कधी झोप न घेता दिवसेंदिवस उत्साहात, पैसे उधळत, भरमसाट बोलत राहण्याचा काळ येऊन गेला होता का, हेही मी विचारतो. तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधंही वेगळी. त्यात लिथियम हे औषध आलं तर आपल्या भागातल्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो. घाम जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर चढतं. अशा खेळाडूचा दुपारचा सराव बंद, हे मी चिठ्ठीवरच लिहून देतो.

घरच्यांचं म्हणाल तर "नाटकं" या शब्दावर भांडू नका. बापाला गुडघ्याची भाषा कळते. "ताण पडून जसा गुडघा गेला तसा मेंदूवरही ताण पडलाय, त्याचाही डॉक्टर असतो," एवढं पुरतं. कोणी भगताकडे नेलं, उतारा केला, तर वाद नको. तिथे जाऊन या, पण गोळी आणि तारीख चुकवू नका, असं मी सांगतो. कोणी बांधून ठेवत असेल, मारत असेल तर मात्र मध्ये पडायचं.

आणि संघ. इथे माझं मत ठाम आहे. बरी होईपर्यंत "तू आराम कर, ये नंतर" असं म्हणून तिला सोडून देऊ नका. खेळाडूचं अर्धं आयुष्य संघात असतं, तेच तोडलं तर गोळी एकटी काय करणार? तिला काम द्या, पण दयेपोटी काढलेलं खोटं काम नको. समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्याची पकड कशी पडते, बोनस कोण सोडतं, हे बाहेर बसून टिपायला चढाईपटूइतकं चांगलं कोण? आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. नाही आली तर विचारपूस, हजेरी नाही. बाकीच्या मुलींना फक्त "गुडघ्याचं चालू आहे" एवढंच सांगा. तिने मला सांगितलेलं मी तुम्हाला सांगणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. ती सज्ञान आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुम्ही फोन करून "काय निघालं?" विचारलंत तर मी तिच्या परवानगीशिवाय बोलणार नाही. राग मानू नका.

पुढच्या हंगामाचं. चार महिन्यांत चालता आलं म्हणजे गुडघा खेळायला तयार झाला असं नाही. बसवलेला नवा दोर आतून पक्का व्हायला वेळ घेतो. नऊ महिन्यांच्या आत मॅटवर उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, शिवाय उतरण्याआधी दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली पाहिजे. दिवाळीआधीचं ऑपरेशन धरलं तर नऊ महिने पावसाळ्यात भरतात. तोवर फिजिओ नेमाने झाली, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विचार करता येईल. झाली नाही तर ते वर्षही जाईल, आणि हे तिला आत्ता ऐकवायचं नाही. मन पन्नास टक्के वर आलं की ती स्वतःच विचारेल, तेव्हा खरं ते सांगा.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. येताना ऑपरेशनची फाईल, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मागच्या रक्ततपासणीचे कागद घेऊन या. आई बरोबर आली तर उत्तम. तुम्ही आलात तर बाहेर बसा.